निकोडेमसचा लोहार
(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी लोहारावर बोलणार आहे. तुमच्यातल्या काहींच्या कपाळावर आठ्या पडल्यात त्या मला इथून दिसतायत. क्रांतीवर बोला, साहित्यावर बोला, सत्तेवर बोला, लोहार कशाला? तर सत्तेवरच बोलतोय. मी स्वतः फोर्जिंग शॉपात बावीस वर्षं घाम गाळलेला माणूस आहे. लाल लोखंडावर घाव कधी घालायचा आणि हात कधी आवरायचा हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. तेव्हा लोखंडाच्या अंगानं जे कळतं ते सांगतो.

आधी आपल्या नावाची गोष्ट. पँथर म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढं ओकलंड शहर येतं. काळी जाकिटं, तिरक्या टोप्या, हातात बंदूक. 1966 साली तिथं ब्लॅक पँथर पार्टी निघाली आणि 1972 साली मुंबईत दलित पँथर. एवढं आपल्याला पाठ आहे. पण तो काळा पँथर मुळात शहरातला नाहीच. तो अलाबामा राज्यातल्या लाउंड्स काउंटीतला, कापसाच्या शेतातला. तिथं शंभरातले ऐंशी लोक काळे, आणि 1965 साल उजाडलं तेव्हा मतदार यादीत एकही काळं नाव नव्हतं. लोक नाव नोंदवायला निघाले तशी मळेवाल्यांनी कुळांची बोचकी रस्त्यावर फेकली. ती कुटुंबं हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून थंडीवाऱ्यात राहिली, पण नाव मागं घेतलं नाही. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला, आणि मतपत्रिकेवर त्या पक्षाची खूण होती काळा पँथर. ओकलंडच्या पोरांनी ती तिथून उचलली आणि आपण ओकलंडकडून.

म्हणजे आपल्या झेंड्यावरचं जनावर हे बेदखल कुळांनी जन्माला घातलंय. ज्याच्या पायाखालची जमीन मालकाची, त्याचं मतही मालकाचं, ही त्या तंबूतली शिकवण. म्हणून आजचा विषय जमीन आणि ऐरण. या दोन्ही गोष्टी एका घराच्या हातात आल्या तर काय होतं, आणि येऊनही काय उरतं, ते बघायचं.

आता थोडा इतिहास. कंटाळू नका.

1862 साली, यादवी युद्ध चालू असतानाच, अब्राहम लिंकननं होमस्टेड कायद्यावर सही केली. कायदा सरळ होता. एकवीस वर्षांचा माणूस किंवा कुटुंबप्रमुख, बाई असली तरी चालेल, त्यानं सरकारी जमिनीतले 160 एकर नोंदवायचे. अठराएक डॉलर फी. त्या जागेवर घर बांधायचं, जमीन कसायची, पाच वर्षं तिथंच राहायचं. मग दोन साक्षीदार उभे करायचे की होय, हा माणूस इथं राहिला, यानं इथं कसलं. झालं, जमीन त्याची. 1 जानेवारी 1863 ला नेब्रास्कात पहिला दावा नोंदला गेला, आणि विसावं शतक बरंच सरेपर्यंत हे चालू राहिलं. सोळा लाख कुटुंबांना मिळून 27 कोटी एकर जमीन मिळाली. अख्खा महाराष्ट्र साडेसात कोटी एकरांच्या आसपास भरतो. म्हणजे साडेतीन महाराष्ट्र फुकट वाटले. आज तिथला जो खाऊनपिऊन सुखी गोरा मध्यमवर्ग 'आम्ही कष्टानं वर आलो' म्हणून छाती फुगवतो, त्यातल्या कित्येकांच्या पणजोबाच्या ताटात सरकारनं 160 एकर वाढले होते. ते आरक्षण नव्हतं का? त्याला कुणी मेरिट विचारलं नाही.

आणि काळ्यांना? काळा माणूस नागरिकच नाही, असं 1857 साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलेलं. कायदा नागरिकांसाठी, तेव्हा दार आपोआप बंद. जानेवारी 1865 मध्ये जनरल शर्मननं हुकूम काढला की दक्षिणेच्या किनाऱ्यावरची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी मुक्त झालेल्या गुलामांना द्या. दिली. लोकांनी पेरणी केली. त्याच वर्षी लिंकनचा खून झाला, गादीवर आलेल्या अँड्र्यू जॉन्सननं माफीपत्रं वाटली आणि त्या जमिनी काढून परत जुन्या मालकांच्या घशात घातल्या. ज्यानं माणसं विकली त्याला जमीन, आणि जो विकला गेला त्याच्या हातात कुळाचा करार. आपल्याकडं वतन खालसा होताना काय झालं ते ज्याच्या घरात घडलं असेल त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

एक गोष्ट मात्र गिळून पुढं जाता येणार नाही. हे 27 कोटी एकर आले कुठून? ते मोकळे नव्हते. ते कॅन्सा, ओसेज, पॉनी, शायान या लोकांचे होते. तहांवर अंगठे घेऊन, तह मोडून, रानरेडे मारून, माणसं मारून ती जमीन 'मोकळी' केलेली होती. तेव्हा होमस्टेड म्हणजे न्याय, असा घोटाळा डोक्यात नको. चोरीच्या मालाचं ते वाटप होतं. पण त्या वाटपातही काळ्या माणसाला शेवटच्या पंगतीला बसवलं होतं.

1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनं नागरिकत्व पक्कं झालं आणि दार किलकिलं झालं. 1877 साली उत्तरेनं दक्षिणेतलं सैन्य मागं घेतलं आणि गोऱ्या जमीनदारांचं राज्य उघडपणे परत आलं. त्याच वर्षी केंटकी राज्यातली तीनशेच्या वर काळी माणसं गाठोडी बांधून निघाली ती कॅन्सस राज्यात, ग्रॅहम काउंटीत, सॉलोमन नदीच्या काठी. वसाहतीचं नाव निकोडेमस. वसाहत काढणाऱ्या मंडळात सहा काळे आणि एक गोरा जमीन-दलाल. दलालांची जाहिरातबाजी इथून तिथून सारखीच, नंदनवन आहे, या.

ही माणसं एलिस या रेल्वे स्टेशनला उतरली आणि तिथून दोन दिवस पायी. पोचली तर गाव दिसेचना. झाड नाही, घर नाही. सपाट गवताळ रान आणि मध्येच जमिनीतून निघणारा धूर. कारण आधी आलेले लोक जमिनीत खड्डे खणून त्यात राहत होते. विलियाना हिकमन नावाची बाई पुढं कित्येक वर्षांनी सांगायची, हेच ते निकोडेमस असं कळल्यावर मी तिथंच रडायला लागले. काही कुटुंबं दुसऱ्याच दिवशी परत फिरली. उरलेल्यांजवळ बैल-घोडे नावाला होते. लोकांनी फावड्या-कुदळींनी ते चिवट रान फोडलं. पहिला हिवाळा उपासमारीचा. तेव्हा शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज लोकांनी त्यांना आपल्या शिकारीतलं मांस दिलं, असं निकोडेमसची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. ज्यांची जमीन गेली त्यांनीच, त्या जमिनीवर आलेल्या भुकेल्यांना जगवलं. यावर मी भाष्य करत नाही. घरी जाऊन विचार करा.

आता लोहार.

अशा वसाहतीत पहिल्यांदा काय लागतं? देऊळ-चर्च नंतर, पुढारी त्याच्याही नंतर. पहिल्यांदा पाणी आणि मग लोखंड दुरुस्त करणारा माणूस. तिथलं गवत साधं नाही. त्याच्या मुळांचं जाळं इतकं दाट की जमिनीच्या लाद्या कापून लोक घराच्या भिंती रचायचे. त्या मुळांत फाळ चालला की काही दिवसांत त्याची धार बोथट. मग फाळ काढायचा, खांद्यावर टाकायचा आणि लोहारशाळा गाठायची. लोहार तो भट्टीत घालणार, भाता मारून लालभडक करणार, ऐरणीवर कड ठोकून पातळ करणार, पुन्हा पाणी देणार. पाणी जास्त झालं तर धार ठिसूळ होते आणि दगडाला लागून तुटते. कमी झालं तर मऊ राहते, चार तासांत मुडपते. मधला जो रंग असतो तो डोळ्यानंच ओळखावा लागतो. म्हणूनच जगभर लोहारशाळा अंधारी असते. लोक समजतात गरिबीमुळं अंधार. गरिबी असतेच, पण लोखंडाचा रंग उन्हात दिसत नाही हे खरं कारण.

दुसरं काम चाकाचं. कॅन्ससची हवा कोरडी. लाकूड वाळतं, आक्रसतं आणि गाडीच्या चाकावरची लोखंडी धाव सैल होऊन वाटेतच गळून पडते. मग लोहार धाव थोडी कापून पुन्हा जोडणार, गोल जाळ करून त्यात ती तापवणार. तापली की ती फुगते. दोघातिघांनी सांडशींनी उचलून ती चाकावर बसवायची, हातोड्यानं सारखी करायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आवळतं, आरे कुरकुरतात, चाक घट्ट होतं. आपल्याकडंही अगदी हीच रीत. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन माणसं एकमेकाचं नाव न ऐकता तेच करत होती. विज्ञानाला जात नसते ती अशी. माणसांना असते.

हा लोहार नुसता लोहार नव्हता. तो स्वतःही होमस्टेडर. त्याच्या नावावर 160 एकर. आणि इथंच कायद्याची मेख होती. सलग सहा महिन्यांच्या वर जमीन सोडून राहिलं तर दावा गेला. लोहारशाळा गावात आणि शेत गावाबाहेर. मग घर दोन जागी वाटलं जायचं. नवरा ऐरणीवर, बायको-पोरं जमिनीवर. खणलेल्या घरात राहणारी, मका टोकणारी, जळणाला लाकूड नाही म्हणून वाळलेलं शेण गोळा करणारी ती बाई, तिच्या राहण्यानं दावा टिकत होता. भाता मारायला थोरला पोरगा. रोख पैसा कुणाकडं नाही, मग मजुरी मक्याच्या पोत्यात, कोंबडीत, नाहीतर 'माझं चाक कर, मी तुझा तुकडा नांगरून देतो' या बोलीवर. सरकारी कागदावर नाव मात्र पुरुषाचंच. आपल्या सातबाऱ्यावर किती बायांची नावं आहेत ते घरी गेल्यावर बघा, मग अमेरिकेला नावं ठेवा.

आणि लोहारशाळा ही गावची चावडीच. आपलं काम होईपर्यंत माणूस थांबणार, थांबला की बोलणार. कुणाचा दावा अडलाय, कोणत्या दलालानं कुणाला फसवलं, कोणाला मत द्यायचं, हे सगळं त्या भट्टीपाशी. 1882 साली एडवर्ड मॅककेब हा निकोडेमसला येऊन राहिलेला काळा तरुण कॅन्सस राज्याचा ऑडिटर म्हणून राज्यभरातून निवडून आला. झॅकरी फ्लेचर पोस्टमास्तर झाला, त्याची बायको जेनी गावची पहिली शिक्षिका. ज्यांना गुलामगिरीत अक्षरापासून लांब ठेवलं होतं, त्या माणसांचं हे गाव. पुढं गावातून दोन वर्तमानपत्रं निघाली.

आता एक बारकी गोष्ट सांगतो, पण माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी. जमीन पक्की करायला दोन साक्षीदार लागत. 'हा इथं राहिला, यानं कसलं' असं शपथेवर सांगणारे शेजारी. दक्षिणेत काळ्या माणसासाठी अशी साक्ष कोण देणार होतं? शेजारी गोरा, तो मालकाच्या बाजूचा. दुसरा काळा, तो मालकाच्या दावणीला. निकोडेमसमध्ये शेजारी कोण? आपलाच माणूस, आणि तो कुणाच्या दावणीला नाही, त्याच्याही नावावर 160 एकर. म्हणून साक्ष फिरली नाही. ग्रेट प्लेन्स म्हणतात त्या मैदानी मुलखात साडेतीन हजारांच्या आसपास काळ्या दावेदारांनी जमिनी पक्क्या केल्या, साडेसहा लाख एकर. सोळा लाखांत साडेतीन हजार म्हणजे चिमूटभर. पण ती चिमूट साक्षीदारांच्या जोरावर उभी राहिली.

आता इकडं या. 1989 साली अॅट्रॉसिटी कायदा झाला. कायदा कडक आहे. मग आरोपी सुटतात कसे? कोर्टात जाऊन बसा एक दिवस. साक्षीदार फितूर. का फितूर? कारण त्याची बकरी पाटलाच्या बांधावर चरते, त्याची मजुरी पाटलाच्या खिशात, त्याचं दळण, त्याचं पाणी, त्याची मयताची वाट, सगळं पाटलाच्या मर्जीवर. जमिनीशिवाय साक्ष नाही आणि साक्षीशिवाय कायदा नाही. हे सूत्र डोक्यात कोरून ठेवा.

बाबासाहेबांना हे कळलेलं होतं. 1942 साली नागपूरला भरलेल्या शेड्यूल्ड कास्ट परिषदेत वेगळ्या वसाहतींचा ठराव झाला. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी ती मागणी नेमकी करून मांडली. अस्पृश्यांची स्वतंत्र गावं, त्यासाठी सरकारी पडीक जमीन, आणि ते अमलात आणायला सेटलमेंट कमिशन. आपल्यातलेच काही शहाणे तेव्हा आणि नंतरही म्हणाले, हा फुटीरपणा. अरे, गावकुसाबाहेर हाकललं तेव्हा फूट नव्हती आणि स्वतःहून वेगळं गाव मागितलं की लगेच फूट! निकोडेमस म्हणजे ती मागणी दुसऱ्या एका देशात, दुसऱ्या माणसांनी, सत्तर वर्षं आधी करून बघितलेला प्रयोग आहे. म्हणून तो आपण हरघडी तपासला पाहिजे.

पण एक फरक ध्यानात ठेवा. गुलामगिरीत काळ्या माणसाला लोहारकाम येत होतं. मळ्यावरचा लोहार गुलामच असायचा, मालक त्याला भाड्यानं देऊन पैसे कमवायचा. माणसांच्या पायातल्या बेड्याही कित्येकदा गुलाम लोहारानंच ठोकलेल्या. पण त्याच ऐरणीवर दुसरंही घडलं. 1800 साली व्हर्जिनियात गॅब्रिएल नावाच्या गुलाम लोहारानं, ज्याला लिहितावाचता येत होतं, बंडाचा बेत केला. त्याचा भाऊ सॉलोमन, तोही लोहार, गवत कापायच्या विळ्यांच्या तलवारी करत होता. बेत फुटला, गॅब्रिएल फासावर गेला. त्यानंतर गोऱ्यांनी पहिला आवळ घातला तो गुलामांच्या शिकण्यावर आणि कामासाठी हिंडण्याफिरण्यावर. कसब आणि अक्षर एका हातात आलं की काय होतं ते मालकाला नोकराआधी कळतं.

तिथं माणूस मालकीचा होता, पण कसब त्याच्या हातात होतं. मुक्त झाला तेव्हा तो हात घेऊन कॅन्ससला गेला. इथं जातीनं कसबच वाटून टाकलं. भात्याचं कातडं कमवायचं ढोरानं, पण भात्याला हात लावायचा नाही. माझ्या आज्याची गोष्ट सांगतो. विळा पाजवायला गेला की लोहारशाळेच्या बाहेर लांब उभा राहायचा. विळा जमिनीवर ठेवायचा, मागं सरायचं. सगळ्या गावाचं झालं की मग याचा नंबर. आणि तो लोहार कोण मोठा बामण लागून गेला होता? तोही बलुत्याच्या चार पेंढ्यांसाठी पाटलाच्या खळ्यावर हात जोडून उभाच. पण आज्याला बाहेर उभा करण्याचा तेवढा हक्क त्याला दिला होता, त्याच्यावर तो खूश. बाबासाहेबांनी सांगितलेली पायऱ्यापायऱ्यांची विषमता ती हीच. पगार नाही वाढवायचा, खाली उभा करायला एक माणूस द्यायचा. आज त्या लोहाराचा नातू आणि मी एकाच शॉपात एकाच हॅमरवर काम केलं. पण गावात पोळ्याला त्याचा मान वेगळा आणि माझा वेगळा. यंत्र बदललं म्हणून माणूस बदलत नाही हे मार्क्सवाल्या मित्रांनी आमच्याकडून समजून घ्यावं.

आता पैशाकडं येऊ. लोहारशाळेतून कोण मोठं झालं? जॉन डिअर हे नाव तुम्ही हिरव्या ट्रॅक्टरवर वाचलंय. हा माणूस लहान गावातला लोहार. कर्ज डोईजड झालं म्हणून घर सोडून इलिनॉय राज्यात आला आणि 1837 साली करवतीच्या मोडक्या पोलादी पात्यापासून त्यानं नांगर केला. काळी चिकट माती त्याला चिकटेना. त्याची आज जगभर पसरलेली कंपनी आहे. कसबाचा माणूस होता, त्याबद्दल वाद नाही. आता लुईस टेंपल बघा. जन्मानं गुलाम, पुढं न्यू बेडफर्ड बंदरात लोहार. 1848 साली त्यानं देवमासे पकडायच्या भाल्याचं असं टोक घडवलं की रुतलं की आत आडवं फिरायचं, मासा सुटायचा नाही. सगळा धंदा त्या टोकावर गेला. टेंपलनं पेटंट घेतलं नाही, बाकीच्या लोहारांनी नकला मारल्या आणि तो 1854 साली कर्जात मेला. तिसरा, नेड. मिसिसिपीतला गुलाम कारागीर. त्यानं कापसाच्या शेतीचं एक अवजार शोधलं. मालक म्हणाला, पेटंट मला द्या. 1858 साली तिथल्या ॲटर्नी जनरलनं निकाल दिला की गुलामाच्या शोधाला पेटंटच नाही. कारण शोध लावणाऱ्यानं शपथ घ्यावी लागते आणि गुलाम नागरिक नसल्यामुळं शपथ घेऊ शकत नाही; आणि मालकानं तर शोध लावलेलाच नाही. म्हणजे डोकं चाललं, यंत्र चाललं, कापूस निघाला, पण कायद्याच्या दृष्टीनं शोध कुणीच लावला नाही!

तिघंही हातानं घडवणारी माणसं. एकाचं साम्राज्य, एक कर्जबाजारी, एक वहीतून पुसलेला. अक्कल कुठं कमी होती?

आता निकोडेमसचं काय झालं ते. 1880 च्या दशकात गाव भरात आलं. हॉटेलं, दुकानं, बँक. फक्त रेल्वे हवी होती. 1887 साली गावानं मतदान करून सोळा हजार डॉलरचे रोखे मंजूर केले, की रेल्वे कंपनीनं आमच्याकडून जावं. कंपनीशी बोलणी फिसकटली. 1888 मध्ये दुसऱ्या कंपनीनं रूळ टाकले ते नदीच्या पलीकडून, काही मैलांवरून. तिथं बोग नावाचं नवं गाव झालं. मग एकेक दुकानदारानं दुकान उचललं आणि रुळाजवळ नेलं. गहू तिकडून जायचा, फाळ तिकडं तयार यायचे. ज्या लोहाराकडं काउंटीभरातून लोक यायचे त्याच्याकडं फक्त शेजारी उरले. पुढं मोटार आली, रबरी टायर आले आणि धाव चढवायचं काम संपलं. 1930 च्या दशकात अवर्षण आणि धुळीची वादळं. 1950 साली गावात सोळा माणसं. 1953 ला पोस्ट बंद.

तेव्हा गावाला कुणी जाळलं नाही, कुणी दंगल केली नाही. लांब कुठंतरी कंपनीच्या कचेरीत बसून नकाशावर एक रेघ ओढली गेली, बस. जमीन होती, ऐरण होती, शाळा होती, एकी होती. पण रस्ता दुसऱ्याच्या हातात. बाजार दुसऱ्याच्या हातात. कर्ज दुसऱ्याच्या हातात. 1920 साली अमेरिकेत नऊ लाखांवर काळे शेतकरी होते. आज तिथल्या एकूण शेतकऱ्यांत काळे शंभरात दीडसुद्धा नाहीत. शेतीखात्यानं काळ्यांना कर्ज नाकारलं, उशिरा दिलं, मुद्दाम अडवलं, यावर खटला झाला आणि 1999 साली सरकारला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. तोवर जमिनी गेलेल्या.

म्हणूनच बाबासाहेब फक्त वेगळ्या गावावर थांबले नव्हते, हे आपण विसरतो. त्याच 1947 च्या मसुद्यात शेती हा सरकारी उद्योग करा, विमा सरकारी, महत्त्वाचे उद्योग सरकारी, जमीन सामुदायिक कसा, म्हणजे ना जमीनदार, ना कूळ, ना भूमिहीन मजूर, अशी मांडणी आहे. वेगळी वसाहत आणि सरकारी समाजवाद हे एकाच गाडीचे दोन बैल. एकच जुंपला तर गाडी गोल फिरते. निकोडेमसला पहिला बैल होता, दुसरा नव्हता.

आणि आपण? 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या मागं लाखो भूमिहीन पडीक जमिनीसाठी तुरुंगात गेले. 1991 साली सरकारनं गायरानावरची दलित-आदिवासींची जुनी अतिक्रमणं नावावर करायचा निर्णय काढला. कित्येक ठिकाणी आमची माणसं आजही दंडाच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात, कसल्याचा पुरावा म्हणून. 2004 पासून दादासाहेबांच्याच नावानं योजना आहे: भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत. अमेरिकेत गोऱ्याला दीडशे वर्षांपूर्वी 160, आपल्याला चार, तीही विकणारा सापडला तर. आणि गावात दलिताला जमीन विकायला कोण पुढं येतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही शहरात राहता. चाळीत, झोपडपट्टीत, काही जण आता फ्लॅटात. तुम्हाला वाटतं जमिनीचा प्रश्न गावच्या म्हाताऱ्यांचा. तर ऐका. तुमच्या वस्तीतला वेल्डर, फॅब्रिकेशनवाला, गॅरेजवाला, लेथवर बसलेला पोरगा हा आजचा लोहार आहे. त्याच्या शेडची जागा कोणाच्या नावावर आहे? त्याला बँक कर्ज देते का, की कागद बघून आडनाव वाचते? पुनर्विकासाचा नकाशा निघेल तेव्हा रेघ कुठून जाणार हे कोण ठरवतं? निकोडेमसची रेल्वे आणि तुमच्या वस्तीतून जाणारा उड्डाणपूल यांत मला फार फरक दिसत नाही. नकाशा टेबलावर असतो तेव्हाच त्याच्यावर भांडलं पाहिजे. रूळ पडल्यावर निवेदनं देऊन काही होत नाही.

तेव्हा कामं सांगतो, टाळ्या नकोत. प्रत्येकानं आपल्या मूळ गावच्या गायरानाची स्थिती शोधून काढा. किती एकर, कोण कसतं, कोणाच्या पावत्या, कोणाची नोंद. सातबारा वाचायला शिका, कवितेइतकंच ते महत्त्वाचं आहे. जिथं पट्टा झालाय तिथं बाईचं नाव लागलंय का बघा. वस्तीतल्या कारागिरांची यादी करा, त्यांचं मंडळ काढा, कर्जासाठी एकट्यानं जाऊ देऊ नका. आणि गावाकडं अत्याचाराची केस उभी राहिली की वकिलाआधी साक्षीदाराकडं जा, त्याच्या घरात दाणा आहे का ते विचारा.

एवढ्यावर संपलं असतं तर ही रडगाणी झाली असती. पण निकोडेमस मेलं नाही. मोजकीच माणसं तिथं राहतात. 1996 साली ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाली. जुनं चर्च, शाळा, हॉटेल उभं आहे. आणि दर वर्षी जुलैअखेर देशभर पांगलेली त्या घरांची नातवंडं-पतवंडं तिथं जमतात. गुलामगिरी संपल्याचा सण म्हणून सुरू झालेला हा मेळा गाव ओस पडलं तरी बंद पडला नाही. त्या मातीवर आपल्या पणजोबाची सही आहे, कुळाचा अंगठा नाही, हे पोरांना दाखवायला ती माणसं शेकडो मैल गाड्या हाकत येतात.

आपल्या पोरांना दाखवायला आपल्याकडं काय आहे, याचं उत्तर पुढच्या बैठकीला येताना घेऊन या. सातबाऱ्याचा उतारा बरोबर आणा.

जय भीम.